ताटाची वही : टाइप 1 मधुमेह असलेल्या मुलांसाठी भाकरी आणि इन्सुलिनचा मेळ (प्रकल्प नोंदी, सोलापूर जिल्हा)

4 नोव्हेंबर 2024, सोमवार

काल भाऊबीज झाली आणि आज ओपीडीत एकामागून एक ग्लुकोमीटरच्या वह्या उघडल्या. लक्ष्मीपूजनापासून साखर सगळीकडे 280, 310, एका ठिकाणी तर मशीनने नुसतं 'हाय' दाखवलेलं. पण मला जास्त लागले ते मधले खालचे आकडे. 58. 61. एका मुलीचा पहाटेचा 49. करंज्या खाल्ल्या म्हणून घरच्यांनी घाबरून रात्रीचं जेवण बंद केलं आणि इन्सुलिन मात्र रोजचंच टोचलं. साखर वर गेली ती फराळाने, खाली कोसळली ती फराळाच्या धास्तीने.

म्हणून हे काम सुरू करतेय. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांत आहाराचा छापील तक्ता आहे आणि त्याची पहिली ओळ म्हणजे '1 पोळी = 15 ग्रॅम कार्ब' (कार्ब म्हणजे कर्बोदकं, ज्यांची रक्तात साखर होते). मंगळवेढा, मोहोळ, करमाळा या पट्ट्यात पोळी सणावाराला होते. रोज दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी. मग तक्ता भिंतीवर राहतो आणि डोस अंदाजपंचे.

ठरवलंय ते असं. प्रत्येक घरी जायचं, त्या घरातल्या ताटाचं वजन त्या घरातच करायचं आणि त्या घराच्या वाटीत, त्या घराच्या भाकरीत लिहिलेली वही करून द्यायची. किती कार्बला किती युनिट इन्सुलिन हे डॉक्टर ठरवतील. ताटात कार्ब किती आहे हे घर सांगेल. वहीत 'हे खाऊ नका' असं पान नसेल. यावर आज सिस्टरांशी बराच वाद झाला. त्यांची भीती खरी आहे: सूट दिली की लोक मोकाट सुटतात. पण टाइप 1 मध्ये स्वादुपिंड इन्सुलिन बनवायचं जवळजवळ थांबलेलं असतं. मूल उपाशी राहिलं तरी यकृत रक्तात साखर सोडतच राहतं. उपाशी ठेवून हा आजार आटोक्यात येत नाही, फक्त मूल खुरटतं. वजन-उंचीच्या तक्त्यावर ते मला दर महिन्याला दिसतं.

14 नोव्हेंबर

जागतिक मधुमेह दिन. फ्रेडरिक बँटिंगचा जन्मदिवस, 1891 चा. पालकांच्या बैठकीत आज व्याख्यान ठेवलं नाही, एकच गोष्ट सांगितली.

इन्सुलिन सापडण्याआधी या आजारावर एकच उपाय होता: मुलाला जवळजवळ उपाशी ठेवणं. अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक ॲलन यांच्या पद्धतीत मुलांना दिवसाला कधीकधी चारपाचशे कॅलरींवर ठेवत. त्याने थोडं आयुष्य वाढायचं, पण हाडांचा सापळा व्हायचा. 1922 च्या जानेवारीत टोरोंटोला लेनर्ड थॉम्प्सन या 14 वर्षांच्या मुलाला पहिलं इन्सुलिन दिलं तेव्हा त्याचं वजन जेमतेम 30 किलोच्या आसपास होतं. 11 तारखेचं पहिलं इंजेक्शन फारसं लागू पडलं नाही, अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केला, 23 तारखेला पुन्हा दिला आणि साखर उतरली.

ही गोष्ट सांगितली कारण 'भात बंद, बटाटा बंद, फळ बंद' हा सल्ला त्या इन्सुलिन नसलेल्या काळातला आहे. तेव्हा दुसरा इलाजच नव्हता. आज फ्रिजमध्ये बाटली असताना तो सल्ला पाळणं म्हणजे मुलाला शंभर वर्षं मागे नेणं. मागच्या रांगेतली एक आई रडायला लागली. तिने दीड वर्ष मुलाला भात दिला नव्हता. बैठकीनंतर तिच्यापाशी बसले. तिचा दोष नाही, तिला तसंच सांगितलं गेलं होतं.

22 नोव्हेंबर

मंगळवेढ्याजवळचं गाव. घर मालदांडी ज्वारीच्या रानातलं. भौगोलिक मानांकन मिळालेली ज्वारी ती हीच. मुलगी सातवीत, इन्सुलिन बाटलीतलं: जेवणाआधीचं साधं रेग्युलर आणि दोन वेळा एनपीएच, म्हणजे लांब पल्ल्याचं, हळू काम करणारं इन्सुलिन. स्वयंपाक आजीचा.

काट्यावर परात ठेवली, काटा शून्यावर आणला आणि आजींना म्हटलं, रोजच्यासारखं एका भाकरीचं पीठ घ्या. त्यांनी डब्यात हात घातला आणि ओंजळभर पीठ परातीत सोडलं. 80 ग्रॅम. पुन्हा: 78. मग 81, 79. काट्याकडे त्या बघतही नव्हत्या. साठ वर्षांचा हात आहे, चुकतच नाही! या हाताच्या भरवशावर डोस ठरवता येईल हे मला तिथेच पटलं.

आता हिशेब. ज्वारीच्या पिठात तंतू वगळून 100 ग्रॅमला सुमारे 67 ग्रॅम कार्ब धरतो. 80 ग्रॅम पिठाची भाकरी म्हणजे जवळपास 54 ग्रॅम. तक्त्यातल्या साडेतीन पोळ्या एका भाकरीत! ही मुलगी तक्ता वाचून 'दोन पोळ्यांच्या जागी एक भाकरी' खात होती आणि साखर का वाढते म्हणून घरातले तिच्यावर चोरून खाल्ल्याचा संशय घेत होते. मी हे सगळ्यांच्या देखत मोठ्याने सांगितलं. मुलीने मान वर केली नाही, पण आजींनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

भाजलेल्या भाकरीचं वजन करून चालत नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर जाड अक्षरात हवं. 80 ग्रॅम पिठाची मऊ भाकरी तव्यावरून उतरली तेव्हा 130 ग्रॅम भरली. वरचे 50 ग्रॅम पाणी. आणि सोलापूरची कडक भाकरी? 45 ग्रॅम पिठाची, चुलीच्या कडेला वाळवलेली, 47 ग्रॅम भरली. म्हणजे 100 ग्रॅम मऊ भाकरीत 41 ग्रॅम कार्ब, तर 100 ग्रॅम कडक भाकरीत 64. हाताला हलकी लागते म्हणून मुलं कडक भाकरी 'पापडासारखी' धरून हिशेबाबाहेर खातात. मोजायचं ते पीठ, भाकरी नाही.

डॉक्टरांनी हिचं प्रमाण 12 ग्रॅमला 1 युनिट असं दिलंय. (दिवसभराचं सगळं इन्सुलिन 40 युनिटच्या आसपास, 500 या ढोबळ नियमाच्या आकड्याला 40 ने भागलं की साडेबारा, सुरुवात तिथून, पुढे मीटर बघून.) 54 ला 12 ने भागलं तर साडेचार येतात आणि हिच्या सिरिंजवर अर्ध्या युनिटची रेघ नाही. उपाय आजींनीच काढला. 72 ग्रॅम पीठ मावेल अशी एक वाटी शोधली. 72 ग्रॅमचे 48 ग्रॅम कार्ब, बरोबर 4 युनिट. अर्धी भाकरी 2, दीड भाकरी 6. मुलीला भूक असेल तेवढं तिने खावं आणि तेवढं टोचावं. आजवर उलटं चाललं होतं: 5 युनिट ठरलेले, मग भूक असो नसो ताट त्यात बसवायचं.

वेळेचाही प्रश्न होता. सुई आणि ताट एकदमच. रेग्युलर इन्सुलिन कातडीखालून रक्तात पोचायला साधारण अर्धा तास घेतं, त्याचा जोर दोन ते चार तासांनी असतो. भाकरीची साखर त्याआधीच रक्तात येते. म्हणून हिचे आकडे जेवणानंतर दोन तासांनी 260 आणि पाच तासांनी 65 असे दोन टोकांचे. घड्याळ लावणं या घरात जमणारं नव्हतं. मग असं ठरलं: आजींनी परातीत पीठ घेतलं की मुलीने आधी साखर तपासायची, 70 च्या वर असेल तर सुई. मळणं, थापणं, भाजणं आणि भाजीचा टोप उतरणं यात अर्धा तास बरोबर जातो. पीठ पडल्याशिवाय सुई नाही, म्हणजे सुई झाली आणि जेवण लांबलं असंही होणार नाही.

बाकीचं ताट भरभर झालं. पातळ आमटीची त्यांची वाटी 8 ते 10 ग्रॅम. पालेभाजी, वांगं, काकडी मोजायची नाही. शेंगा चटणीत कार्ब नाममात्र. पेलाभर दूध, 200 मिली, 10 ग्रॅम.

3 डिसेंबर

त्याच मुलीचे आकडे सुधारले, पण सकाळचे अजून वेडेवाकडे. सिस्टर आज सोबत होत्या. त्यांनी मांडीवरून बोटं फिरवली आणि थांबल्या. दोन्ही मांड्यांवर, एकाच उंचीवर, लिंबाएवढ्या मऊ गाठी. दिसत नाहीत, हाताला लागतात. तिथे दुखत नाही म्हणून मुलं तिथेच टोचत राहतात. एकाच जागी वारंवार इन्सुलिन गेलं की कातडीखाली चरबी साचते आणि त्या गाठीतून इन्सुलिन कधी उशिरा सुटतं, कधी एकदम. हिशेब कितीही बिनचूक असला तरी असं इन्सुलिन वेळेवर पोचत नाही.

पोटाचे चार भाग केले, आठवड्याला एक, दोन टोचण्यांमध्ये बोटभर अंतर. आणि डॉक्टरांना लगेच फोन केला, कारण चांगल्या जागेतून इन्सुलिन नीट शोषलं जातं आणि तोच डोस भारी पडू शकतो. त्यांनी सध्या डोस कमी करून दिला, रोज रात्री तपासणी.

सिरिंजचं पानही आजच लिहिलं. आपल्याकडे बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात, मिलिलिटरला 40 युनिट आणि 100 युनिट. 40 ची सिरिंज लाल टोपणाची, 100 ची नारिंगी. 100 ची बाटली आणि लाल टोपण अशी गाठ पडली तर अडीचपट डोस जातो, मूल बेशुद्ध पडू शकतं. दोन्ही टोपणं वहीत चिकटवून दिलीत. शब्दांपेक्षा ती जास्त बोलतात. दुकानातून बाटली आणली की घरातल्या कुणीतरी मोठ्याने 'चाळीस, लाल' म्हणायचं, मग पिशवीतून काढायची.

15 डिसेंबर, रविवार

हुरडा. रानात आगटी पेटली, कणसं भाजली, हातावर चोळून गरम दाणे ताटात. बरोबर चटणी, दही, गूळ, रेवड्या. मुलीला मागच्या वर्षी घरी ठेवलं होतं. या वर्षी ती सगळ्यात पुढे.

हुरड्याची अडचण दाण्यात नाही, खाण्याच्या तऱ्हेत आहे. तो सकाळपासून दुपारपर्यंत चालतो, मूठमूठ. एका सुईने तीन तासांचं खाणं झाकता येत नाही, आणि रेग्युलरच्या सुया तासातासाने दिल्या तर एकावर एक चढून दुपारी साखर कोसळते. म्हणून एक बैठक ठरवली. घरचे तिला खास आधी कणसं भाजून देणार, ती दोन वाट्या हुरडा एकदाच खाणार, गूळ बाजूला ठेवून चटणी-दह्याशी. पुढचा वेळ खेळायला. दाण्यांतलं पाणी कणसागणिक वेगळं असतं, त्यामुळे इथे वजनापेक्षा मीटरवर भिस्त: दोन तासांनी 168. फार छान.

दिवसभर ती रानात पळाली. ही गोष्ट घरच्यांना दोनदा बजावली: पळून झाल्यावर स्नायू आपला रिकामा झालेला साठा रात्रभर रक्तातल्या साखरेतून भरत राहतात, त्यामुळे धोका खेळताना जेवढा तेवढाच रात्रीही. झोपताना 110 होती. अर्धी भाकरी आणि दूध, त्याला सुई नाही. पहाटे तीनला वडिलांनी उठून तपासलं, 94.

30 डिसेंबर

येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. बाजरीचे उंडे, भज्जी, अंबील. बाजरीच्या पिठात कार्ब ज्वारीपेक्षा किंचित कमी, 100 ला 62 च्या आसपास. भज्जीत तुरीचे दाणे, वाटाणे, हरभरा, भाज्या. साखर हळू चढते. आज काही अडलं नाही. पांडवांची पूजा झाली, मुलीने स्वतः हिशेब मांडला, मी फक्त बघितला.

14 जानेवारी 2025

संक्रांत. तिळाचा लाडू 15 ग्रॅमचा, निम्मा गूळ, म्हणजे 7-8 ग्रॅम कार्ब. जेवणाबरोबर एक खाल्ला तर हिशेबात सहज बसतो.

पण आज शाळेतून फोन आला होता. दुसऱ्या गावातला मुलगा, कवायतीनंतर थरथरला, घाम सुटला. बाईंनी प्रेमाने त्याला लाडू दिला, मग दुसरा. साखर वर यायला फार वेळ लागला, कारण तिळातलं तेल पोटातून साखर पुढे सरकूच देत नाही. पेढा, चॉकलेट, बर्फी यांचंही तेच. 'साखर उतरली तर' हे पान आज फाडून नव्याने लिहिलं. साखर 70 च्या खाली: सपाट तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर अर्धा पेला पाण्यात, लगेच. 15 मिनिटं थांबा. पुन्हा तपासा. अजून 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की भाकरीचा तुकडा किंवा दूध. मशीन हाताशी नसेल तर तपासायची वाट न बघता आधी साखर. मूल शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी किंवा साखरपाणी घालायचं नाही, घशात अडकतं. कुशीवर वळवून थेट दवाखाना.

हे पान शाळेसाठी वेगळं, मोठ्या टायपात. एक प्रत वर्गात, एक कवायतीच्या सरांकडे.

28 जानेवारी

ऊसतोड कामगारांची टोळी, पंढरपूर तालुक्यातल्या फडाजवळ मुक्काम. बीड जिल्ह्यातून आलेलं कुटुंब, मुलगा नऊ वर्षांचा. या घरासाठी वही करायची तर बाकी सगळी वही बाजूला ठेवावी लागते.

पहाटे तीन-चारला आई उठते, चुलीवर भाकऱ्या टाकते, उजाडायच्या आत दोघं फडात. मुलगा कोपीत, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीत, धाकट्या बहिणीबरोबर. सकाळची सुई आई जाताना देते तेव्हा मुलगा झोपेत, आणि जेवतो तो उठल्यावर, सात-आठला. गेल्या महिन्यात दोनदा त्याला बहिणीने हलवून उठवलं, तो उठेना. शेजारच्या कोपीतल्या मावशींनी साखर चारली आणि निभावलं. आईला सगळं कळतं, डोळ्यांत दिसतं. पण उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली आहे, मुकादमाला 'आज उशीर होईल' म्हणता येत नाही.

डॉक्टरांशी तिथूनच बोलले. त्यांनी बदल करून दिला: पहाटे फक्त एनपीएच, आणि त्याआधी मुलाला अर्धवट उठवून दूध-भाकरीचा काला खाऊ घालायचा. रेग्युलर आईने नऊच्या सुमारास, गाडी भरायला थांबतात त्या वेळी येऊन द्यायचं आणि समोर जेवू घालायचं. एनपीएचचा जोर चार तासांनंतर वाढत जातो, म्हणून अकराला शेंगदाणे आणि चतकोर भाकरी, ही जबाबदारी मावशींनी घेतली. मावशी या मुलाच्या कुणी लागत नाहीत. त्यांनी वहीचं पान बघितलं नाही, वाचता येत नाही म्हणाल्या, पण मी एकदा सांगितलेलं त्यांनी मला शब्दन् शब्द म्हणून दाखवलं.

ऊस. मुलगा फडाच्या कडेला राहतो, दिवसभर ऊस चघळतो, त्याला नाही म्हणून उपयोग नाही. रसात शेकडा 13 ते 15 साखर असते. अर्धा कप रस म्हणजे तीन चमचे साखरेच्या जवळपास, म्हणून साखर उतरल्यावर रस चालेल. पण नुसतं कांडं चघळून किती रस पोटात गेला हे कळत नाही, त्यामुळे खिशात साखरेची पुडी असलीच पाहिजे. एरवीचा ऊस जेवणाला लागून, एक पेर. त्याने 'दीड?' विचारलं. दीडवर ठरलं.

आणि आजारपणाचं पान. दिवाळीआधी या मुलाला उलट्या सुरू झाल्या, काही खात नाही म्हणून घरच्यांनी इन्सुलिन थांबवलं, आणि तो अतिदक्षता विभागात पोचला. इतकं साहजिक वाटणारं आणि इतकं घातक दुसरं काही नाही. ताप-उलटीत शरीर साखर जास्तच सोडतं. इन्सुलिन नसेल तर ती पेशींत जात नाही, शरीर चरबी जाळू लागतं, रक्तात कीटोन साचतात आणि रक्त आम्ल होतं. वहीत लिहिलंय: मूल जेवत नसलं तरी लांब पल्ल्याचं इन्सुलिन कधीही पूर्ण बंद करायचं नाही. किती द्यायचं ते फोन करून विचारा. दर दोन-तीन तासांनी साखर, लघवीची कीटोन पट्टी, घोटघोट पाणी. पोट दुखतंय, श्वास खोल आणि भरभर चाललाय, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतोय, यातलं काहीही दिसलं तर फोनही नको, सरळ मोठ्या दवाखान्यात.

10 फेब्रुवारी

पट्ट्यांचा खर्च. रोज सहा-सात तपासण्या लिहून देणं सोपं, पण एका घराला ते झेपत नाही म्हणून ते फक्त सकाळी उपाशीपोटी तपासतात आणि बाकी दिवस अंधारात. त्यांना जोडीने तपासायला शिकवलं: सोमवारी न्याहारीच्या आधी आणि दोन तासांनी, मंगळवारी दुपारच्या जेवणाच्या आधी आणि नंतर, बुधवारी रात्रीच्या. आठवड्याभरात प्रत्येक जेवण दोनदा दिसतं, आणि दोन आकड्यांतली तफावत सांगते की त्या जेवणाचा डोस पुरतो की नाही. नुसता एक आकडा हे सांगू शकत नाही. उपाशीपोटीची एक पट्टी मात्र रोज राहू दिली आहे, आणि अंग थरथरलं की हिशेब न करता तपासायचं.

बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करणं. गुळाचा, फळाचा अंश बोटावर राहिला तर खोटा 200 दिसतो आणि त्यावर खरं इन्सुलिन टोचलं जातं.

20 फेब्रुवारी

उद्यापासून दहावी. सोलापुरातला आमचा एक मुलगा इन्सुलिन पेनवर आहे, रात्री ग्लार्जिन हे लांब पल्ल्याचं इन्सुलिन, जेवणाआधी झटपट लागू होणारं इन्सुलिन. त्याला अर्धा तास थांबावं लागत नाही, 10-15 मिनिटं पुरतात.

मुलाने मला विचारलं, 'मॅडम, पेपरला साखर जरा वरच ठेवू का? उतरली तर सुचणारच नाही.' सराव परीक्षेत तो मुद्दाम इन्सुलिन न घेता बसला होता. साखर 320, दोनदा लघवीला जावं लागलं, अक्षरं धूसर. दोन्ही टोकांना डोकं चालत नाही. त्याच्यासाठी पेपरआधी 120 ते 180 हा पट्टा डॉक्टरांनी ठरवला. न्याहारी सरावाचीच, पोहे: 60 ग्रॅम कोरड्या पोह्यांचे 46 ग्रॅम कार्ब, वर शेंगदाणे. परीक्षेच्या ताणाने पहिल्या तासात साखर आपोआप चढते, तिच्या मागे लागून जादा डोस घ्यायचा नाही, पेपर संपल्यावर ती उतरू शकते.

सीबीएसईने 2017 पासून टाइप 1 च्या विद्यार्थ्यांना परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळ, पाणी जवळ ठेवायला परवानगी दिली आहे. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानेही 2023 मध्ये शाळांनी या मुलांना वर्गात तपासणी, इन्सुलिन आणि खाणं करू द्यावं असं कळवलं. दोन्हींचा हवाला देऊन, डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह केंद्रसंचालकांना पत्र दिलं. त्यांनी पत्र वाचलं, मुलाला बोलावून घेतलं आणि पुढच्या बाकावर, दाराजवळ जागा दिली. ग्लुकोज पावडर पारदर्शक डबीत.

27 फेब्रुवारी

काल महाशिवरात्र. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च, कोरड्या 100 ग्रॅममध्ये 87 ग्रॅम कार्ब. बशीभर खिचडीला 60 ग्रॅम साबुदाणा लागतो, म्हणजे 52, बटाटा वेगळा. शेंगदाण्याचं कूट आणि तुपामुळे साखर उशिरा चढते आणि चढून बराच वेळ राहते, म्हणून दोन तासांचा आकडा चांगला दिसला तरी चौथ्या तासाला पुन्हा बघणं. माझं मत मी स्पष्ट लिहिलंय: इन्सुलिन घेणाऱ्या मुलाने निर्जळी किंवा पूर्ण उपास करू नये. सगळ्यांबरोबर एक बशी खिचडी मोजून खावी, पूजेला बसावं.

21 मार्च

ऊसतोडीचा हंगाम संपत आला. टोळी चार दिवसांत गावी निघणार. पारा चाळिशीला टेकलाय आणि पत्र्याची कोपी दुपारी भट्टी होते.

न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. यांच्याकडे फ्रिज नाही. 2021 मध्ये डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स आणि जिनिव्हा विद्यापीठाने केनियातल्या निर्वासित छावणीतलं तापमान मोजून प्रयोगशाळेत तपासलं होतं: 25 ते 37 अंशांत वरखाली होणाऱ्या उष्णतेत इन्सुलिन चार आठवडे आपली ताकद राखतं. म्हणजे बाटलीला 37 च्या आत ठेवणं एवढंच हवं, आणि ते माठ करतो. मोठ्या माठात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, मडक्यात प्लास्टिकच्या पिशवीत बाटल्या, तोंडावर ओलं फडकं, सावलीत. आतला थर्मामीटर दुपारी दोनला 28 दाखवत होता, बाहेर 40. एनपीएचच्या बाटलीत गुठळ्या दिसल्या, काचेला पांढरा थर चिकटला किंवा रेग्युलर गढूळ झालं तर टाकून द्यायचं.

मुलाला दिवसाला 22 युनिट लागतात, 10 रेग्युलर आणि 12 एनपीएच. एका बाटलीत 400. रेग्युलरची बाटली चाळीस दिवस पुरली असती, पण उघडल्यावर चार आठवड्यांनी बदलायची, म्हणून दोन्हींची महिन्याला एकेक. दोन महिन्यांचा साठा दिला, प्रत्येक खोक्यावर उघडायची तारीख लिहायला मार्कर दिला. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला पत्र पाठवलं आणि तिथल्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं. त्यापुढची सोय ते बघतील. गावी पहाटेची कामाची घाई नाही, जेवणाच्या वेळा बदलतील, त्यामुळे पोचल्यावर आठवडाभर रोज फोन, मग डोस नव्याने.

मावशी मुलाच्या गावी जाणार नाहीत, त्यांचं गाव वेगळं. मुलाच्या आईने त्यांचा नंबर वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला. बाजरीच्या भाकरीचं पान अजून कोरं आहे, ते तिच्या घरी तिच्या वाटीने मोजायचं. मे महिन्यात जाऊन करायचं ठरलं. तोपर्यंत 70 ग्रॅम पिठाला 43 ग्रॅम धरायला सांगितलं आहे.